डावीकडे पाऊण इंच

एका आठवड्यात तीन पँटी परत आल्या. तिन्ही माझ्या हातच्या कापलेल्या आणि तिन्हींची तक्रार एकच, की आसनात ढिली आहे. ज्यांना शिवणकामातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पँटीचे दोन पाय जिथे एकत्र येतात त्या जागेला आम्ही आसन म्हणतो आणि पँट चांगली की वाईट ते तिथेच ठरतं. कंबर काय, कुणीही बरोबर कापतो. मी दुकानात शिरलो तेव्हा थोरल्या मास्तरांनी तिन्ही पँटी उलट्या करून टेबलावर ओळीने मांडल्या होत्या आणि चष्मा कपाळावर चढवून ते शिवणीवरून अंगठा फिरवत होते. दुकान त्यांचं. मला कात्री धरायला शिकवली तीही त्यांनीच, एकवीस वर्षांपूर्वी. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण अंगठ्याला अजून सगळं दिसतं. "एक बँकेतला, एक वकील आणि एक तिकीट तपासनीस," ते म्हणाले, "तिघांचं आपसात काही नातंबितं आहे का रे?" मी म्हटलं, नाही. "मग तिघंही डावीकडचेच कसे?"

हेही सांगायला हवं. पुरुष उभा राहिला की त्याचं जांघेतलं वजन एका बाजूला असतं, डाव्या किंवा उजव्या. चांगला कटर ते विचारत नाही, माप घेताना नजरेने टिपतो आणि त्या बाजूला पाव इंच जास्त कापड सोडतो. गिऱ्हाइकाला आयुष्यभर पत्ता लागत नाही की आपल्याबद्दल एवढी खासगी गोष्ट कुणाच्या वहीत आहे. वहीत आम्ही नुसतं 'डा' नाहीतर 'उ' लिहितो. मी वही उघडली. वकिलापुढे 'उ' होतं, तपासनिसापुढे 'उ' होतं, माझ्याच वळणदार अक्षरात. तरी मी तिघांनाही डावीकडे पाऊण इंच सोडला होता. पाव नव्हे, पाऊण. एवढा पाऊण इंच कुणाला लागतो ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन महिने मी कापत होतो लोकांच्या पँटी आणि माप घेत होतो माझं.

अडीच महिन्यांपूर्वी मी नऊ दिवसांसाठी दुसऱ्या शहरात गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलने नोकरांचे सगळे गणवेश आमच्याकडे दिले होते आणि मापं घ्यायला, पहिली ट्रायल करायला कुणीतरी जायला हवं होतं. मास्तरांना प्रवास झेपत नाही. मला हॉटेलच्या तळघरात, कपड्यांच्या खोलीत एक टेबल मिळालं. चादरी, टॉवेल, इस्त्रीची वाफ. त्या खोलीचा कारभार एका बाईंकडे होता. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. दिवसभर वेटर आणि दरवान येत, मी मापं सांगायचो आणि त्या लिहून घ्यायच्या. त्यांचं अक्षर चांगलं होतं. त्यांचा मुलगा नापास झाला होता आणि घरात कुणाशी बोलत नव्हता, हे त्या मला पाचव्या दिवशी सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांनी माझ्या शर्टाचं निघालेलं बटण धरलं. मला कुणी मोह घातला, फसवलं, दारू पाजली, असलं काही म्हणायला जागा नाही. दोनदा झालं. दोन्ही वेळा दुपारी, दोन्ही वेळा मी दाराला आतून कडी घातली. ही कडी मी घातली, त्यांनी नाही, याची मी स्वतःला मुद्दाम आठवण करून देतो, कारण मन फार लबाड असतं, हळूहळू ती कडी दुसऱ्याच्या हातात द्यायला बघतं. घरी परतलो आणि त्याच आठवड्यात, एकदाच, बायकोजवळ गेलो. का, तर न जाणं संशयास्पद दिसेल म्हणून. प्रेमाने गेलो असतो तर निदान आठवायला काहीतरी बरं राहिलं असतं.

मग ताप आला. डावं अंड सुजून मोठ्या लिंबाएवढं झालं, लाल झालं, पायऱ्या उतरता येईनात, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. बायकोला सांगितलं, अंगदुखी आहे. दुकानापासून चार रस्ते लांबचा डॉक्टर शोधला, ओळखीचा निघू नये म्हणून. डॉक्टर माझ्याहून तरुण, शांत, टेबलावर बोटांनी ठेका धरायची सवय. त्याने तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि सरळ विचारलं, "बाहेर कुठे संबंध आला होता का?" इतक्या साध्या आवाजात विचारलं की मी हो म्हणून गेलो. त्या एका 'हो'चं मला अजून आश्चर्य वाटतं. एक इंजेक्शन, चौदा दिवस गोळ्या. आणि, "बायकोला घेऊन या. त्यांनाही औषध द्यावं लागेल, त्रास नसला तरी. बायकांना पुष्कळदा कळतच नाही आणि आतल्या आत नुकसान होत राहतं." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सूज उतरली, ताप गेला, जळजळ गेली. दुखणं मात्र गेलं नाही. ते मोठं असं काही नाही, कुणाला सांगितलं तर हसेल. तासभर उभं राहिलं की डाव्या जांघेत ओढ लागते आणि ती ओढ कमरेपर्यंत चढत जाते. लघवी झाल्यावर क्षणभर बारीक टोचतं. आणि त्या डाव्या अंडाच्या मागे वाटाण्याएवढी एक गाठ हाताला लागते. अंघोळीच्या वेळी मी ती चाचपतो, दुकानाच्या संडासात चाचपतो, घरी दार लावून चाचपतो. आज वाढली का? आज कमी आहे का? आयुष्यभर मापं घेण्यात घालवलं आणि जी एकच गोष्ट मापायला हवी तिला टेप लावता येत नाही. दहा दिवसांनी पुन्हा डॉक्टरकडे गेलो. त्याने दाबून पाहिलं, म्हणाला, घाबरू नका, जंतू मेलेत, तपासणी स्वच्छ आली आहे, पण मागे राहिलेली सूज आणि गाठ रेंगाळते, कधी कधी दोन-तीन महिने. हळूहळू जाईल. मग वर न बघता म्हणाला, "बायकोला औषध दिलं ना? तुम्ही त्यांना आणलं नाहीत इकडे." मी म्हटलं, "तिचे डॉक्टर वेगळे आहेत. तिकडून घेतलं." "पूर्ण घेतलं?" "पूर्ण." तो म्हणाला, मग काही काळजी नाही.

काळजी नाही, हे त्याने माझ्या खोट्यावर विसंबून सांगितलं होतं. म्हणजे दिलासा मिळाला होता तो दुसऱ्याच कुणा माणसाला, ज्याने बायकोला सगळं सांगितलं आणि औषध दिलं. मी त्या माणसाचा दिलासा चोरून घरी आणला आणि तो माझ्या अंगाला बसेना. ओढ लागली की वाटायचं, हे रेंगाळलेलं नाही, हे पुन्हा सुरू झालंय. मग वाटायचं, पुन्हा कसं होईल, आपण तर तिच्यापासून हातभर लांब झोपतो. कंबर धरली आहे असं सांगून मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो होतो. आणि कधी कधी, हे लिहितानाही लाज वाटते, ओढ लागली की बरंच वाटायचं. दुखतंय ना, मग फेडतोय आपण काहीतरी. दुखणं असेपर्यंत मी अगदीच हलकट नाही.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत विचारते, आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं? घरीही तिच्या बोलण्यात ते येतं. भाजीत मीठ आता बरं आहे की मघाशी? चौदा वर्षांच्या संसारात मी साधा रुमाल कधी धुतला नव्हता, पण ताप आल्या दिवसापासून मी माझे आतले कपडे स्वतः धुवायला लागलो, कारण त्यांच्यावर डाग असायचे. तिला वाटलं, नवऱ्याला उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. मी बाहेरच्या खोलीत असताना ती फोनवर धाकट्या बहिणीला सांगत होती, "अगं, तुझे भाऊजी सुधारलेत. स्वतःचं धुणं स्वतः करतात. माझ्यासारखं नशीब काढायला हवं." आणि हसली. मी हातातलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्याच त्या चार ओळी वाचत बसलो. त्यानंतरच्या दिवसांत तिचं हसणं कमी झालं होतं, ते मला दिसत होतं. पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, वयाचं असेल." वय काय तिचं, अडतीस. ती असं म्हणाली की मी, बरं, म्हणायचो आणि पंखा कमी करायचो, आणि त्यालाच काळजी घेणं समजायचो.

तर मास्तर. तिन्ही पँटी बाजूला सारून ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन महिने बघतोय मी. कापताना तू एक पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवतोस. आधी कधी ठेवत नव्हतास. हर्निया आहे ना?" मी वही मिटून ठेवली. "अरे, लाजायचं काय त्यात? मला नव्हता का? चार वर्षं काढली मी त्याच्यासोबत. पुरुषाच्या जातीला हे असतंच." ते उठून आतल्या कपाटाशी गेले, खालच्या खणातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. हर्नियाचा पट्टा. कातडी, डाव्या बाजूला गादी असलेला. "ऑपरेशन होईपर्यंत हाच वापरला. धुतलेला आहे. बांधून बघ, काम करताना आधार वाटतो." मला तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. त्यांनी आयुष्यात नाही नाही ते पुरुष पाहिलेत, मापाच्या टेपने सगळी लफडी कळतात म्हणायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढी माया होती की तिच्यात सत्य ओतणं म्हणजे त्यांच्या हातातला चहा सांडण्यासारखं झालं असतं. मी पट्टा घेतला. "तू बस आज," ते म्हणाले, "या तिन्ही मी उसवतो." आणि तो म्हातारा, ज्याला सुईचं भोक दिसत नाही, खिडकीशी उजेडात बसून माझ्या चुकीचा एक एक टाका अंगठ्याने शोधून काढत राहिला. मी समोर बसून बघत होतो. मधूनच त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंस का?" मी म्हटलं, "अजून नाही." "सांग. बायकोपासून काय लपवायचं? तिला तर आपलं सगळं माप माहीत असतं."

पट्टा डब्याच्या पिशवीत तसाच राहिला. खोटं बोलण्यातही मी असा गबाळा. घरी आल्यावर तिने डबा काढायला पिशवीत हात घातला आणि पट्टा बाहेर आला. तिने तो दोन्ही हातांत धरला, उलटा-सुलटा केला, गादी दाबून बघितली. "हे काय हो?" मी म्हटलं, मास्तरांचा. "तो तुमच्या पिशवीत कशाला?" "थोडं दुखतंय. इथे. त्यांना वाटतं हर्निया आहे." "आणि तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "सूज होती. औषध घेतलं. आता थोडं राहिलंय." "कधी घेतलं औषध?" "मागे. ताप आला होता तेव्हा." ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता विचारेल, आता सगळं बाहेर येईल, आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं, तिने माझ्या तोंडातून ओढून काढावं. पण ती पट्ट्याचं बकल लावत आणि काढत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "उद्या मी अर्धी रजा टाकते. ज्या डॉक्टरांनी औषध दिलं त्यांच्याकडेच जाऊ. मलाही दाखवायचंय." "तुला काय झालं?" "तिथेच सांगेन." आणि चेहरा असा फिरवला की पुढे विचारायची सोय राहिली नाही.

दवाखान्यातला बाक लाकडी, गुळगुळीत. आम्ही शेजारी बसलो होतो, मध्ये तिची पर्स. माझी पाचावर धारण बसली होती. डॉक्टर ओळखेल, काहीतरी बोलून जाईल, 'तुमचे डॉक्टर वेगळे होते ना?' एवढंच म्हणाला तरी संपलं. सुटायचे रस्ते मी मनात कापून ठेवत होतो, एकही बसत नव्हता. आत बोलावलं. डॉक्टरने मला बघितलं, मग तिला, आणि टेबलावरचा त्याचा ठेका थांबला. त्याने काही ओळख दाखवली नाही. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ती बोलायला लागली. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, डॉक्टरकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. "आधी माझं ऐका डॉक्टर. यांना जे झालं ते माझ्यामुळे झालंय." मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "मला अंगावर पांढरं जातंय. वास येतो. ओटीपोटात दुखतं. दोन-अडीच महिने झाले. आधी मला वाटलं जाईल आपोआप. लाज वाटली हो, कुणाला सांगायची. मी स्वच्छ राहते, तरी झालं. कुठून झालं कळत नाही, दुकानातलं बाथरूम चांगलं नाही, तिथूनच झालं असेल. यांना मी काहीच सांगितलं नाही आणि यांना लागलं. हे गेले दोन महिने माझ्यापासून लांब राहतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात. कंबर दुखते म्हणतात. मला कळत होतं कशामुळे. एका शब्दाने बोलले नाहीत मला. स्वतःचे कपडेसुद्धा स्वतः धुतात, माझ्यात मिसळू नयेत म्हणून." आणि मग ती रडली, आवाज न करता, नाक पुसत.

डॉक्टर माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. तो वाट बघत होता. भिंतीवर घड्याळ होतं, ते चालू होतं. मला माझं वाक्य माहीत होतं, तीन शब्दांचं वाक्य, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. ते घशाशी आलं होतं. आणि त्याच वेळी माझ्या आत एक गोष्ट झाली, जिच्याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही. मला हायसं वाटलं. संपलं एकदाचं, असं वाटलं. तिने दोन-अडीच महिने म्हटलं होतं आणि ते दिवस माझ्या हॉटेलच्या कामापर्यंत मागे मोजले नव्हते. भिंगात केसाएवढा फरक पकडणाऱ्या बाईने हे मोजलं नव्हतं, कारण मोजायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. "यात तुमचं काही चुकलेलं नाही," डॉक्टर तिला म्हणाला, "हे अस्वच्छतेने होत नाही. बाथरूममधूनही होत नाही." तो थांबला. "कुणाकडून कुणाला गेलं, ते तपासणीतून सांगता येत नाही. दोघांनी औषध पूर्ण घेणं महत्त्वाचं." मग माझ्याकडे वळून, पहिल्या वेळेइतक्याच साध्या आवाजात, "तुम्हाला काही सांगायचंय का?" तिने डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. मी तिला रागावेन, डॉक्टरसमोर काही लागट बोलेन, अशी भीती. मी म्हटलं, "नाही."

डॉक्टरने मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. तिला आत तपासलं, बाहेर आल्यावर म्हणाला, वेळेत आलात, औषध सुरू करा, पंधरा दिवसांनी दोघंही या. चिठ्ठी त्याने माझ्या हातात न देता तिच्या हातात दिली. दाराशी पोहोचलो तेव्हा मी एकदा मागे बघितलं. तो पुढच्या माणसाचा कागद वाचत होता.

बाहेर संध्याकाळ होत होती, दुकानांचे दिवे लागत होते, ऑफिसं सुटली होती. औषधाच्या दुकानातून तिने दोन्ही पाकिटं घेतली, नीट पर्समध्ये ठेवली आणि फुटपाथवर आल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "किती हलकं वाटतंय बघा बोलल्यावर," ती म्हणाली. "तुम्ही रागावला नाहीत?" मी म्हटलं, नाही. "खरंच नाही?" "अगं, नाही म्हटलं ना." "दुसरा कुणी असता तर काय काय बोलला असता. संशय घेतला असता." तिने माझ्या कोपरात हात घातला. गेल्या दोन महिन्यांत तिने मला हात लावला नव्हता, मी लावू दिला नव्हता. आम्ही चालायला लागलो. चौक ओलांडून पुढच्या गल्लीपर्यंत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला कुठेच दुखत नाही. बाकावर तास-दीड तास बसलो होतो, मग उभा होतो, आता चालत होतो, ओढ नव्हती, टोचत नव्हतं, डावी बाजू उजव्या बाजूसारखीच होती. मी मनाने चाचपलं, आतून शोधलं, पुन्हा शोधलं. काही नव्हतं. धडधाकट माणसासारखा मी ताडताड घरी जाऊ शकलो असतो. ती मात्र माझ्यासाठी पावलं लहान करून चालत होती, लोकांचे धक्के मला लागू नयेत म्हणून रस्त्याच्या बाजूने स्वतः झाली होती.

"हळू चला, घाई नाही," ती म्हणाली. "फार दुखतंय का?"

मी पाऊल आखडतं घेतलं.

"हो," मी म्हणालो.